चूक आणि उणीव

फिगर स्केटिंगची मोठी स्पर्धा आटोपली की निकालावर वाद होतो, आणि गेली बरीच वर्षं तो वाद फिरून फिरून एकाच वाक्यावर येऊन थांबतो: अमक्याने क्लीन, म्हणजे एकही चूक न करता, स्केट केलं, तमका पडला, तरी तमकाच जिंकला; म्हणजे परीक्षकांनी घोळ केला. समालोचक हे म्हणतात, क्रीडापानांवर हेच छापून येतं. चार वर्षांतून एकदा, ऑलिंपिकपुरता हा खेळ पाहणारे असं म्हणाले तर मला त्यांचं काही वाटत नाही. त्यांच्याकडे दुसरं मोजमाप नसतं. पण ऑक्टोबरमधल्या ग्रां प्रीपासून मार्चमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत सगळा मोसम मनापासून पाहणारे, कोणत्या स्केटरने कोणता प्रशिक्षक कधी बदलला हे तोंडपाठ असणारे चाहतेही जेव्हा ‘क्लीन’ हाच अखेरचा निकष धरून बसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. इतकी वर्षं पाहून पाहिलं काय, असा प्रश्न पडतो.

या खेळाभोवती आणखीही वाद आहेत. ही कला की क्रीडा, हा त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात वांझ. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फावर चार मिनिटं छाती फुटेस्तोवर जे केलं जातं त्याला क्रीडा म्हणायला कोणाची परवानगी नको. निकाल आधीच ठरलेले असतात, असं म्हणणाऱ्यांना खेळ पाहायचाच नसतो. आणि सगळं संगणकाकडे सोपवा म्हणणाऱ्यांनी संगणकाला काय पाहायला सांगायचं ते आधी ठरवावं. क्लीनवाद्यांशी मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्यांच्या म्हणण्यात न्यायाची खरी चाड आहे. ती चाड चुकीच्या जागी खर्ची पडते, एवढीच माझी तक्रार.

२००२ साली सॉल्ट लेक सिटीत जोडी-स्केटिंगवरून जे महाभारत घडलं ते पुन्हा सांगत बसत नाही. फ्रेंच परीक्षक, दबावाचा आरोप, आणि शेवटी रशियन व कॅनेडियन अशा दोन्ही जोड्यांना सुवर्ण, एवढं आठवलं तरी पुरे. त्यातून सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि २००४ मध्ये आजची पद्धत स्वीकारली गेली. प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरलेली मूळ किंमत. ती कशी केली यावर परीक्षकांचे अधिक-उणे गुण. उडी पूर्ण फिरली का, योग्य कडेवरून सुटली का हे तपासायला वेगळे तांत्रिक पंच. आणि या सगळ्याच्या जोडीला, रचना, सादरीकरण आणि मूळ स्केटिंगचं कौशल्य यांसाठी घटकगुण. पूर्वी हे घटक पाच होते, २०२२ पासून तीन आहेत. पद्धत किचकट आहे, पण तिच्या मुळाशी एक शहाणपण होतं. पट्टीने मोजता येण्यासारखं जे आहे ते एका बाजूला, आणि नजरेनेच पारखावं लागतं ते दुसऱ्या बाजूला, अशी तिने वाटणी केली.

प्रेक्षकांपर्यंत मात्र या पद्धतीतलं एकच पोचलं: पडद्याच्या कोपऱ्यातली ती चौकट. स्केटर उडी मारतो आणि चौकटीत एक छोटा चौकोन उजळतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पंच पुन्हा पाहणार, लाल म्हणजे गडबड. चार मिनिटांचं स्केटिंग पाहताना माणसाचा डोळा दर वीस-पंचवीस सेकंदांनी त्या कोपऱ्यात जातो, आणि मधल्या वीस सेकंदांत काय झालं ते त्याला सांगता येत नाही. या चौकटीने एका अख्ख्या पिढीला चुका पाहायला शिकवलं. स्केटिंग पाहायला शिकवलं, असं मला म्हणवत नाही.

आता क्लीनवाद्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा घेऊ. २०१३ ची जागतिक स्पर्धा कॅनडातल्या लंडनमध्ये झाली. कॅनडाचा पॅट्रिक चॅन घरच्या प्रेक्षकांसमोर फ्री स्केटमध्ये दोनदा पडला. कझाकस्तानच्या डेनिस टेनने त्याच दिवशी आयुष्यातलं सर्वोत्तम स्केटिंग केलं आणि फ्री स्केट जिंकलंही. तरी शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केट या दोन फेऱ्यांच्या एकूण बेरजेत चॅन २६७.७८, टेन २६६.४८. फरक १.३० चा, आणि सुवर्ण चॅनला. पुढच्याच वर्षी सोचीत युझुरू हान्यू फ्री स्केटमध्ये दोनदा पडला आणि ऑलिंपिक विजेता झाला. त्याने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये १०१.४५ मिळवून शंभरी ओलांडली होती. ती पुण्याई कामी आली.

हे दोन निकाल पुढे ठेवून विचारलं जातं: पडण्याला काही किंमत आहे की नाही? त्या काळापुरता हा प्रश्न रास्त होता, हे मी मान्य करते. हान्यू ज्या क्वाड साल्कोवर, म्हणजे चार फेऱ्यांच्या साल्को उडीवर, पडला तिची मूळ किंमत तेव्हा १०.५ होती. पूर्ण फिरून पडलं तर ३ गुण जात, वर पडल्याचा दंड १. म्हणजे हातात ६.५ उरत. नीट उतरलेल्या ट्रिपल, म्हणजे तीन फेऱ्यांच्या, साल्कोची मूळ किंमत ४.२. पडूनही दोन गुणांनी पुढे, हा हिशेब कोणालाही खटकावा असाच होता. पण तो हिशेब बदलला. २०१८ च्या कोष्टकाप्रमाणे क्वाड साल्को ९.७ ची झाली. पडल्यास निम्मी किंमत जाते, वर दंड १. उरतात ३.८५. ट्रिपल साल्को ४.३. आता पडलेली क्वाड ही उभ्या राहिलेल्या ट्रिपलच्या मागे आहे. शिवाय तिसऱ्यांदा पडलं की दंड दुप्पट. पडझड झालेल्या सादरीकरणाला घटकगुण किती वर द्यायचे यावरही मर्यादा आहे. एका पडण्याची शिक्षा तीन ठिकाणी मोजली जाते. चौथी शिक्षा कोष्टकात येत नाही: पडून उठताना जाणारा श्वास, सुटणारं संगीत आणि पुढच्या उडीआधी मनात शिरणारी भीती. पडण्याची किंमत वसूल होत नाही, ही तक्रार आता टिकत नाही.

तरीही ती चालूच आहे. म्हणजे तिचं मूळ हिशेबात नाही, नजरेत आहे. क्लीनवाद्याला वाटतं की सादरीकरण मुळात पूर्ण असतं आणि चुका त्यातून वजा होतात. ज्याच्या चुका शून्य, त्याचं सादरीकरण अखंड; मग त्याला मागे ठेवायला कारण काय उरलं? या समजुतीलाच माझा विरोध आहे. सादरीकरण मुळात रिकामं असतं. बर्फावर स्केटर येतो तेव्हा तिथे काहीच नसतं. जे असेल ते त्याला भरावं लागतं. तो काय भरतो आणि काय भरत नाही, हा पहिला प्रश्न. भरलेल्यातलं काय सांडलं, हा दुसरा.

चूक आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या खेळाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका भेदात येतं. चूक घडते. तिची वेळ सांगता येते: दोन मिनिटं दहा सेकंद, ट्रिपल ॲक्सेल, पडला. ती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. उणीव मात्र घडत नाही, ती असते, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. तिच्याकडे बोट दाखवायला क्षण सापडत नाही, म्हणून पुनर्दृश्यात ती दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येत नाही. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल शाईचे गोल करणारे आणि गोल नाहीत म्हणून पैकीच्या पैकी गुण देणारे मास्तर आपल्याला माहीत आहेत. निबंधात मुलाने एकही विचार मांडला नाही, हे त्या शाईत उमटत नाही.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एक उडी जवळून पाहू. लुट्झ. डावीकडे फिरणारा स्केटर डाव्या पायावर, पात्याच्या बाहेरच्या कडेवर, पाठमोरा सरकत येतो. पातं जेमतेम चार मिलिमीटर जाड, मधे खोलगट, दोन्ही बाजूंना धार; त्यातली एकच धार बर्फाला लागलेली असते. बाहेरच्या कडेवर असल्याने शरीर एका दिशेने वळत चाललेलं असतं आणि उडीत मात्र त्याला उलट दिशेने फिरायचं असतं. उजव्या पायाच्या पात्याचे दाते मागे बर्फात रोवायचे आणि चाललेल्या वळणाच्या विरुद्ध स्वतःला फेकायचं. लुट्झ अवघड आहे ती या विरोधामुळे. आता पुष्कळ स्केटर काय करतात, तर दाते रोवण्याच्या आधी, डोळा लवतो न लवतो एवढ्या वेळात, घोटा आत कलंडू देतात. पातं आतल्या कडेवर जातं, विरोध मिटतो, उडी सोपी होते. हवेत तीन फेऱ्या तितक्याच, उतरणं तितकंच देखणं, टाळ्या तितक्याच. पंचांनी पकडलं तर कागदावर कडेची खूण होते. नाही पकडलं तर ती उडी क्लीन. पडद्यावर हिरवा चौकोन. जिने बाहेरच्या कडेवर अखेरपर्यंत तग धरला आणि उतरताना हात टेकला, तिचा चौकोन लाल.

या दोघींपैकी लुट्झ कोणी मारली? माझ्या मते दुसरीने. पहिलीने दुसरीच कोणती तरी उडी फार छान मारली. नियमपुस्तिका माझ्याइतकी टोकाला जात नाही, आणि खेळ चालवायचा तर तिला जाताही येणार नाही, हे मला कळतं. पण पाहणाऱ्याने जायला काय हरकत आहे?

क्लीन हा निकष किती लवकर मुका होतो हे प्यॉंगचांगला दिसलं. २०१८ च्या ऑलिंपिकमधलं महिलांचं फ्री स्केट. अलिना झागितोवा आणि एव्हगेनिया मेदवेदेवा, दोघी एकाच प्रशिक्षिकेच्या शिष्या. दोघींनीही फ्री स्केटमध्ये एकही ठळक चूक केली नाही आणि दोघींना मिळाले अगदी सारखे, १५६.६५ गुण. सुवर्ण ठरलं ते शॉर्ट प्रोग्रॅममधल्या १.३१ च्या फरकावर. क्लीनवाद्याने इथे काय म्हणावं? चुका मोजायची त्याची वही कोरी आहे. म्हणायचं असेल तर त्याला माझ्या भाषेतच बोलावं लागेल. मी सांगते मला काय दिसलं. उत्तरार्धातल्या उड्यांना तेव्हा दहा टक्के जास्त मिळत, म्हणून झागितोवाच्या सगळ्या उड्या उत्तरार्धात होत्या. पहिली दोन मिनिटं हातवारे, पावलं, गिरक्या. मग उड्यांची रांग, एकीला लागून दुसरी. धाडस अफाट, पंधराव्या वर्षी तो दम थक्क करणारा. पण संगीत एकीकडे आणि उड्या दुसरीकडे, अशी ती फाळणी होती. मेदवेदेवाच्या स्केटिंगमध्ये वेग कमी होता, उड्यांची लांबी-उंची बेताची होती. पण उडीकडे जाणारी आणि उडीतून निघणारी वाट तिने कुठेही रिकामी ठेवली नाही. दोन निर्दोष सादरीकरणं, दोन वेगळ्या उणिवा. त्यांतली कोणती मोठी यावर भांडता येतं, भांडलं पाहिजे, आणि ते भांडण या खेळाबद्दलचं असेल. पुढे नियम बदलला आणि जादा टक्के शेवटच्या मोजक्या उड्यांपुरतेच राहिले. म्हणजे ज्या सादरीकरणात चूक शोधून सापडत नव्हती त्यातली उणीव नियम करणाऱ्यांनाही दिसली होती.

व्हँकुव्हर २०१० ची गोष्ट याच जातीची. येव्हगेनी प्लुशेन्कोने क्वाड उतरवली, इव्हान लायसाचेकने क्वाड मारलीच नाही, आणि १.३१ गुणांनी लायसाचेक जिंकला. योगायोगाने फरक तोच. ‘क्वाड नाही तर पुरुषांचं स्केटिंग नाही’ म्हणणारा पंथ तेव्हापासून आहे. त्याला एवढंच उत्तर पुरे की उडी हा खेळाचा भाग आहे, खेळ हा उडीचा भाग नाही. पण क्लीनवाद्यांनी लायसाचेकला आपला मानलं, ते मला मान्य नाही. प्लुशेन्कोही पडला नव्हता. त्याच्या उड्या कशाबशा सावरून उतरलेल्या होत्या, ते खरं. पण तो हरला तो उड्यांच्या मधे जे रान मोकळं सोडलं होतं त्यामुळे. लांबच लांब पाठमोरी तयारी, उडी, हात वर, पुन्हा तयारी. लायसाचेकने ते रान नांगरलं होतं.

माझ्यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप आता घ्यायला हवा. चूक सगळ्यांना दिसते, तिथे लबाडीला जागा नाही. उणीव नजरेवर अवलंबून, म्हणजे ज्याचं नाव मोठं त्याची उणीव परीक्षकांना दिसणार नाही आणि नवख्याची मात्र दिसेल. हा आक्षेप खरा आहे. चॅनच्या बाबतीत चाहत्यांनी तो वर्षानुवर्षं घेतला आणि २०१३ मध्ये तर त्यात निश्चित तथ्य होतं. चॅनच्या कडा त्या पिढीत कोणाच्याच नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. एका ढकलीत तो जितका दूर जाई तितकं जायला इतरांना तीन पावलं लागत. पण दोनदा पडून विस्कटलेल्या सादरीकरणाला ते न विस्कटल्यासारखे घटकगुण देणं हा नावाचा मान होता. डेनिस टेनवर अन्याय झाला. पाच वर्षांनी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, अल्माटीत त्याची हत्या झाली, आणि ते एक जागतिक सुवर्ण त्याच्या नावावर असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

पण याचा इलाज काय? परीक्षकांची नजर पक्षपाती निघाली म्हणून नजरच बाद करायची आणि पडणं मोजत बसायचं, हा इलाज नाही. ती शरणागती आहे. उणीव पाहणं ही काही गूढ विद्या नव्हे. मी महाराष्ट्रात वाढले, पायात स्केट कधी घातले नाहीत, एवढा बर्फ पाहिला तो पडद्यावरच. तरी हे शिकता येतं. आवाज बंद न करता, समालोचन मात्र कमी करून पाहावं: खोल कडेवर चालणाऱ्या स्केटरचं पातं जवळजवळ मुकं असतं, नुसती एक सलग सळसळ; सपाट पात्यावर चालणाऱ्याचं पातं खरवडतं. गुडघा पाहावा: तो किती खाली जातो आणि वर येताना वेग वाढतो की नुसतं शरीर वर येतं. उडी उतरल्यानंतरचे दोन सेकंद पाहावेत: स्केटर वाहत बाहेर जातो, की उतरल्या जागी थांबून पुन्हा पाय मारायला लागतो. यात व्यक्तिगत आवडीनिवडीचा भाग फार थोडा आहे. दहा जाणकार बसवले तर कोणाच्या कडा खोल यावर नऊजण एकमताचे निघतील. मतभेद होतो तो त्या खोलीला किती गुण द्यायचे यावर.

मला गुडघा आणि कड यांचं इतकं अगत्य का, असं कोणी विचारेल. कारण हवेत जे होतं ते इतरही खेळांत होतं. जिम्नॅस्ट स्केटरपेक्षा जास्त फिरतो, डायव्हर जास्त वेळ हवेत असतो. एका धारेवर शरीर कलतं ठेवून, न पळता, न ढकलता, वळणातूनच वेग काढणं हे या खेळाचं आहे. ज्या आकृत्यांवरून खेळाला नाव मिळालं त्या बर्फावर कोरून दाखवायची सक्तीची फेरी एके काळी असे. परीक्षक वाकून, कधी गुडघ्यांवर बसून ती रेघ तपासत. १९७२ मध्ये सप्पोरोला ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा त्या आकृत्यांच्या जोरावर ऑलिंपिक विजेती झाली. मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी होती. मुक्त स्केटिंगमध्ये सगळ्यांत पुढे असलेली अमेरिकेची जॅनेट लिन एका गिरकीत पडली, हसत उठली, कांस्य घेऊन गेली, आणि जपानने तिला आजतागायत विसरलेलं नाही. १९९० नंतर आकृत्या गेल्या. त्या परत आणा असं मी म्हणत नाही. टेलिव्हिजनवर ती रेघ कोणी पाहणार नाही. पण त्यांच्याबरोबर कड पाहायची सवयही गेली, आणि ती जागा चुका मोजण्याने घेतली.

चुका मोजण्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याचं ओझं मुलींच्या शरीरांनी वाहिलं. न चुकता उड्या मारणारं शरीर म्हणजे बहुधा कोवळं, हलकं, अरुंद शरीर. उणीव भरून निघते ती वयाने आणि वर्षांनी. निकष चुकांचा असेल तर पंधरा वर्षांची मुलगी सत्तावीस वर्षांच्या बाईपेक्षा नेहमीच बरी ठरणार, आणि पुढच्या वर्षी तिच्याहून लहान कोणी तरी. २०२२ मध्ये किमान वय टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचा निर्णय झाला तो उशिरा, पण योग्य होता. त्या सुमारास आणि नंतर जे दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं. जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीनदा जगज्जेती झाली, क्वाड तर सोडाच, ट्रिपल ॲक्सेलही न मारता, निव्वळ वेग आणि खोल कडांवर. अमेरिकेची अलिसा लिऊ लहानपणी क्वाड मारत असे. सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला, दोन वर्षांनी परतली, आणि २०२५ मध्ये बॉस्टनला क्वाडविना जगज्जेती झाली. आधीच्या आणि नंतरच्या लिऊमध्ये जो फरक होता तो कोणत्याही लाल-हिरव्या चौकोनात मावत नाही.

उणीव धाडसाचीही असू शकते, हे मात्र मी विसरत नाही. जेसन ब्राउन क्वाडशिवाय बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहावा आला. त्याच्यासारखं संगीत ऐकणारा स्केटर मी पाहिलेला नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला असंही मला वाटत नाही. त्याच्या सादरीकरणात जे नव्हतं ते नव्हतंच. उणिवेचा निकष लावायचा तर तो आवडत्या माणसालाही लावावा लागतो.

आता सोची २०१४. क्लीनवाद्यांचा हा सगळ्यात लाडका खटला, आणि निकाल चुकला या त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. म्हणूनच त्यांनी तो ज्या रीतीने लढवला त्याचा मला राग येतो. दक्षिण कोरियाच्या यूना किमने शॉर्ट आणि फ्री दोन्ही न चुकता केलं. रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाने फ्रीमध्ये तीन उड्यांच्या साखळीतली शेवटची दुहेरी उडी दोन पायांवर उतरवली. तरी सोत्निकोवा २२४.५९, किम २१९.११. लाखो लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या, कोरियाच्या संघटनेने तक्रार केली, ती फेटाळली गेली. आणि आजही तो विषय निघाला की ती एक डगमगलेली दुहेरी उडी दाखवली जाते.

पण तिथे हा खटला उभाच राहत नाही. सोत्निकोवाच्या तिहेरी उड्या सात, किमच्या सहा. डगमगल्याचे गुण कापले गेले. फ्री स्केटमध्ये तांत्रिक गुण सोत्निकोवाला ७५.५४, किमला ६९.६९. परीक्षकांनी तिच्या उड्यांना हात सैल सोडून गुण दिले असं म्हणता येईल, तिच्या लुट्झच्या कडेबद्दल शंका घेता येईल, घेतली गेलीही. पण सातव्या उडीचा आणि अवघड साखळ्यांचा फायदा तिला कोणत्याही हिशेबात मिळणारच होता. चुकांची वही उघडून किमला सुवर्ण देता येत नाही.

दुसरा आकडा पाहावा. फ्री स्केटचे घटकगुण: किम ७४.५०, सोत्निकोवा ७४.४१. किम लुट्झकडे येते तेव्हा तिचा वेग उडीआधी कमी होत नाही, उतरल्यावर तो जवळजवळ तेवढाच असतो, आणि हात संगीताच्या वाक्याबरोबर उघडतात. उडी त्या वाक्यातला एक शब्द होते. सोत्निकोवा जोमदार होती, सतरा वर्षांची होती, घरच्या प्रेक्षकांनी तिला उचलून धरलं होतं. पण उडीआधी ती थांबते, तयारी दिसते, उडीनंतर संगीत तिला पुन्हा पकडावं लागतं. तिच्यात काही वाईट नव्हतं. त्या वयात जे नसतं ते नव्हतं. एकीकडे दशकभर मुरलेलं स्केटिंग, दुसरीकडे उद्या कदाचित तिथे पोचेल असं स्केटिंग, आणि परीक्षकांच्या मते या दोघींमधलं अंतर ०.०९ गुण. कॅरोलिना कोस्टनर, सत्तावीस वर्षांची, त्या रात्री किमइतकीच भरलेली कड घेऊन तिसरी आली, तिच्याबद्दल तर कोणी बोललंही नाही. किमचं सुवर्ण गेलं ते त्या ०.०९ मध्ये. त्या आकड्याचा जाब परीक्षकांना विचारायला हवा होता, नावानिशी आणि घटकानिशी. त्या वेळी कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे गुप्त ठेवण्याचा नियम होता आणि तो २०१६ पर्यंत राहिला, म्हणून तो जाब विचारणं अवघड होतं. आता तो नियम नाही. प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक स्केटरला कौशल्याचे, रचनेचे, सादरीकरणाचे किती गुण दिले ते नावासकट छापून येतं, आणि स्पर्धा संपल्याच्या रात्री ते कोणालाही उघडून पाहता येतं.